व्हीईजीएफची रक्तचाचणी: नमुना देताना आणि अहवाल वाचताना

कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायची असेल, तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा उभा करावा लागतो, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून गाठीतून जी प्रथिने स्रवतात, त्यांतले प्रमुख म्हणजे व्हीईजीएफ. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याची चाचणी लिहिलेली असेल, तर या आकड्यामुळे उपचारात नेमके काय बदलणार आहे, हे आधी त्यांनाच स्पष्ट विचारावे. कर्करोग आहे की नाही, हे या चाचणीवरून ठरत नाही. त्यासाठी बायोप्सी आणि स्कॅनच लागतात. व्हीईजीएफला रोखणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध कोणाला लागू पडेल, हेही या आकड्यावरून सांगता येत नाही.

तरीही चाचणी करायची ठरली, तर सर्वाधिक काळजी नमुन्याची घ्यावी, कारण अहवालातील बहुतेक घोळ तिथेच होतो. रक्तातील प्लेटलेट्समध्ये, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींमध्ये, व्हीईजीएफचा मोठा साठा असतो आणि रक्त गोठताना तो बाहेर पडतो. त्यामुळे रक्त गोठू देऊन काढलेल्या सीरममधील आकडा, रक्त न गोठू देता वेगळ्या केलेल्या प्लाझ्मातील आकड्यापेक्षा बराच जास्त येतो, आणि ही वाढ गाठीची नसून नळीतलीच असते. म्हणून चाचणी प्लाझ्मावर होणार की सीरमवर, हे प्रयोगशाळेला आधीच विचारावे. प्लाझ्मासाठी सहसा जांभळ्या झाकणाची, म्हणजे रक्त गोठू न देणारे ईडीटीए हे रसायन असलेली नळी वापरतात; ती भरल्यावर जोरात न हलवता हळुवार उलटी-सुलटी करतात आणि लवकरात लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करतात. कोथरूडला घरी घेतलेली नळी उन्हाच्या वेळी कर्वे रस्त्याच्या वाहतुकीत अडकून राहिली, तर प्लेटलेट्समधून व्हीईजीएफ झिरपत राहते. त्यामुळे रुग्णाला झेपत असेल तर जिथे सेंट्रिफ्यूज आहे त्या केंद्रातच जाऊन रक्त द्यावे, असे माझे ठाम मत आहे. नमुना परगावी पाठवला जाणार असेल, तर वेगळा केलेला प्लाझ्मा किंवा सीरम अतिथंड करून (फ्रोझन) जाईल ना, याचीही खात्री करावी.

अहवालातील आकडा पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतो. त्याशेजारची संदर्भ मर्यादा त्याच प्रयोगशाळेची आणि त्याच पद्धतीची असल्यामुळे दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. पुढच्या चाचण्याही एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या नमुन्यावर कराव्यात. नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, भरत असलेली जखम, संधिवातासारखा दाह, रक्तक्षय किंवा गर्भारपण यांमुळेही पातळी वाढू शकते, तेव्हा वाढलेला आकडा पाहून घरच्यांनी लगेच हाय खाऊ नये. बेव्हॅसिझुमॅब सुरू असताना तर औषधाला चिकटलेले व्हीईजीएफही अनेक पद्धतींमध्ये मोजले जाते आणि आकडा चढलेला दिसतो. त्यावरून आजार बळावला असा अर्थ काढू नये.

पोएम्स नावाच्या दुर्मिळ आजारात मात्र ही चाचणी खरोखर मोलाची ठरते, कारण तिथे वाढलेले व्हीईजीएफ निदानाच्या प्रमुख निकषांपैकी एक मानले जाते. हातापायांना वाढत जाणारा बधिरपणा आणि अशक्तपणा असून रक्तात मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेले, प्रथिनही आढळले असेल, तर या चाचणीबद्दल रक्तविकारतज्ज्ञांना आवर्जून विचारावे.

अहवाल फाइलला लावताना नमुना कोणता होता, तो कधी घेतला आणि त्या वेळी कोणते औषध चालू होते, हे त्यावर लिहून ठेवावे, आणि त्याच दिवशीचा प्लेटलेट्सचा आकडाही सोबत जोडावा.