आयर्विन पुलाचा आकडा आणि आपला उंबरा: सांगलीकरांनी पुराची माहिती कशी वाचावी

पावसाळ्यात सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी, कोयना धरणाचा साठा आणि धरणांचे विसर्ग दर काही तासांनी आपल्या मोबाइलवर येऊन पडतात. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागाने स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पातळीमापक बसविले आहेत. रडार पद्धतीचे पातळीमापक पाण्याच्या पृष्ठभागाकडे लहरी सोडते, त्या परत येण्यास लागलेल्या वेळेवरून पाणी किती खाली आहे हे काढते आणि ही नोंद कोणी माणूस पुलावर न जाता नियंत्रण कक्षात पोचते. माहितीची टंचाई आता उरलेली नाही. तरीही 2019 च्या ऑगस्टमध्ये अनेक कुटुंबे पाणी दारात येईपर्यंत घरातच थांबली. माझ्या मते याचे एक मोठे कारण असे की आयर्विनचा आकडा सर्वांना पाठ होता, पण त्या आकड्याचा आपल्या उंबऱ्याशी काय संबंध आहे हे फार थोड्या घरांनी आधी काढून ठेवले होते. तो संबंध कसा काढावा आणि त्यावरून निर्णय कसा घ्यावा, हे येथे क्रमाने सांगत आहे.

आधी आपल्या घराचा आकडा काढा

हे काम मे महिन्यात, नदी कोरडी दिसत असताना करावे. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत मोजली जाते. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे. हे दोन्ही आकडे संपूर्ण शहरासाठी आहेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागांत धोका पातळीच्या आधीच पाणी शिरू शकते, तर उंचावरच्या वसाहतीत 50 फुटांनाही रस्ता कोरडा राहतो. म्हणून प्रत्येक घराला स्वतःचा आकडा हवा.

तो काढण्यासाठी मागच्या महापुरांचा उपयोग होतो. 2005 साली आयर्विनजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेले होते, 2019 साली 57 फुटांच्या वर आणि 2021 साली 54 फुटांच्या वर. यांपैकी ज्या वर्षीच्या पाण्याची खूण आपल्या भिंतीवर, शेजारच्या देवळाच्या पायरीवर किंवा गल्लीतल्या जुन्या जाणत्या माणसाच्या आठवणीत पक्की आहे, ती धरावी. समजा 2019 मध्ये आपल्या जोत्यावर साडेतीन फूट पाणी होते, तर आयर्विनजवळ पातळी साधारण 53 ते 54 फुटांच्या दरम्यान असताना पाणी आपल्या जोत्याला लागले असणार. दोन वेगळ्या वर्षांच्या खुणांवरून हिशेब केल्यास आणि दोन्ही उत्तरे जवळपास आल्यास तो आकडा विश्वासार्ह समजावा. उत्तरांत फरक पडला तर कमी असलेला आकडा स्वीकारावा. नदीचे पाणी तळ्यासारखे सपाट नसते, त्याला उतार असतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या नातेवाइकाचा आकडा आपल्यासाठी वापरू नये.

घराच्या आकड्याहून महत्त्वाचा आकडा रस्त्याचा आहे. घर उंचावर असते, पण मुख्य रस्त्याकडे जाणारी गल्ली किंवा मधला नाला सखल असतो, आणि तो बंद झाला की कोरड्या घरातही माणूस अडकतो. शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून नदीचे पाणी उलटे आत शिरते, म्हणजे नदीकाठापासून दूर असलेला भागही काठावरच्या भागाइतक्याच लवकर वेढला जाऊ शकतो. आपल्या बाहेर पडण्याच्या वाटेवरचे सर्वांत खोल ठिकाण शोधावे, आयर्विनच्या कोणत्या पातळीला तेथे पाणी येते हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे, त्यातून दोन फूट सुरक्षेसाठी वजा करावेत आणि उरलेला आकडा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहावा. घर सोडण्याचा आकडा तोच समजावा. त्या दिवशी घरात वाद नको असेल तर हा आकडा आधीच सर्वांच्या, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, संमतीने ठरवलेला बरा. ऐन वेळी 'एवढ्या वर पाणी कधी आलेले नाही' असे वडीलधारे म्हणाले की तरुणांचा नाइलाज होतो.

महापालिकेच्या नकाशावरील निळी आणि लाल पूररेषाही पाहून घ्यावी. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. ही संभाव्यता आहे. एकदा पूर आला म्हणजे पुढची 25 वर्षे निर्धास्त, असा तिचा अर्थ होत नाही. 2019 नंतर दोनच वर्षांनी काय झाले ते आपण पाहिले आहे.

धरणाचे आकडे वाचणे

रोजच्या संदेशात कोयनेच्या नावापुढे पाणीसाठा, आवक आणि विसर्ग असे तीन आकडे असतात. साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत दिलेला असतो आणि आवक व विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट या मापात असतात. या दोन मापांना जोडणारी एक संख्या लक्षात ठेवली की पुढचे सारे सोपे होते: 11,574 क्युसेकने 24 तास पाणी वाहिले की 1 टीएमसी होते. हिशेबाला 11,500 धरले तरी चालते.

एक उदाहरण घेऊ. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी आहे. समजा आज साठा 90 टीएमसी आहे, आवक 60,000 क्युसेक आहे आणि दरवाजे बंद असून फक्त पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक सुटत आहेत. आवक दिवसाला सुमारे 5.2 टीएमसी झाली, विसर्ग जेमतेम 0.2 टीएमसी झाला, म्हणजे धरणात रोज 5 टीएमसीची भर पडत आहे आणि पाऊस असाच राहिला तर ते तीन दिवसांत भरेल. धरण काठोकाठ भरेपर्यंत अभियंते थांबत नाहीत; कोणत्या तारखेला साठा किती असावा याचा परिचालन आराखडा ठरलेला असतो आणि त्यानुसार सांडव्याचे वक्र दरवाजे आधीच उचलले जातात. म्हणजे वरच्या उदाहरणात, सांगलीत ऊन पडलेले असले तरीही, पुढच्या दोन दिवसांत विसर्ग वाढणार हे आपण घरी बसून ओळखू शकतो. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडेही सोडले जाते, पण ते वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरते. ते सांगलीच्या हिशेबात धरू नये.

आवकेच्याही आधी पाऊस पाहावा. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे 24 तासांचे आकडे रोज सकाळी प्रसिद्ध होतात. हवामान विभागाच्या व्याख्येत 64.5 मिलिमीटरपासून जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.4 च्या वर अत्यंत जोरदार पाऊस समजतात. घाटमाथ्यावर एखाद्या दिवशी 200 मिलिमीटर पडणे नवीन नाही. तिन्ही ठिकाणी असे आकडे सलग तीन-चार दिवस येऊ लागले की मात्र सावध व्हावे.

कोयनेकडे पाहताना बाकीच्या पाण्याचा विसर पडतो, आणि माझ्या मते आपल्याकडच्या चर्चेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे. कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, शिवाय उरमोडी आणि तारळी ही धरणेही याच नदीत पाणी सोडतात. वारणा धरणाची क्षमता 34.40 टीएमसी आहे आणि वारणा नदी हरिपूरजवळ, म्हणजे शहराच्या अगदी खालच्या बाजूला कृष्णेला मिळते. ती भरून आली की कृष्णेला पुढे सरकण्यास जागा राहत नाही आणि पाण्याला फुगवटा येतो. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, तेथेही तेच घडते. म्हणून राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी कोल्हापूरची म्हणून सोडून देऊ नये. याशिवाय धरणांच्या खाली, कराडपासून सांगलीपर्यंत पडणारा पाऊस कोणत्याही धरणात अडत नाही. तो ओढ्यानाल्यांतून थेट नदीत येतो आणि कोणत्याही विसर्गाच्या आकड्यात दिसत नाही. विसर्ग स्थिर असताना आयर्विनची पातळी चढत असेल तर कारण बहुधा हेच असते.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातील अलमट्टी धरणाविषयी दोन्ही राज्यांत मोठा वाद आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. त्या धरणाची पूर्ण जलपातळी 519.60 मीटर असून ती वाढविण्यास सांगली-कोल्हापूरकरांचा विरोध आहे. मात्र आज रात्री घर सोडायचे की नाही हे ठरवताना त्या वादाचा उपयोग नाही. त्यासाठी आयर्विनची पातळी आणि ती चढण्याचा वेग एवढेच पाहावे.

वेळेचा हिशेब

कोयनेतून सुटलेले पाणी सांगलीत पोचण्यास साधारण एक दिवसाचा अवधी लागतो, आणि नदी किती भरलेली आहे त्यावर तो कमी-जास्त होतो. आपल्यापुरती अचूकता हवी असेल तर एक वही करावी. विसर्ग वाढल्याची वेळ, कराडच्या कृष्णा पुलाजवळ पातळी चढू लागल्याची वेळ आणि आयर्विनजवळ चढू लागल्याची वेळ अशा तीन नोंदी पावसाळाभर ठेवल्या की ऑगस्टपर्यंत आपल्याला नदीची चाल कळू लागते. नदीकाठच्या शेतकऱ्यांना ही चाल चांगली ठाऊक असते, कारण काठावरच्या, पाणी उपसण्याच्या मोटारी वेळेत वर ओढल्या नाहीत तर त्यांचे मोठे नुकसान होते. भिलवडी, औदुंबर भागात कोणी परिचयाचे असेल तर त्यांना फोन करावा. मोटारी काढायला सुरुवात झाली आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

पाणी चढू लागल्यावर दर दोन तासांनी पातळी लिहावी आणि वेग काढावा. समजा आता 41 फूट आहे, वेग तासाला 3 इंच आहे आणि आपला सोडण्याचा आकडा 44 आहे. तीन फूट चढण्यास 12 तास लागतील. ते 12 तास रात्री दोन वाजता संपणार असतील तर संध्याकाळी उजेड असतानाच निघावे. अंधारात, वाहत्या पाण्यातून, म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन निघण्याइतका धोका दुसरा नाही. 2019 मध्ये ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. ती घटना लक्षात ठेवून बोटीची वेळ येण्यापूर्वीच, पायाखाली कोरडा रस्ता असताना बाहेर पडावे.

गावात जनावरे असतील तर त्यांच्यासाठी आणखी एक फूट आधीचा आकडा ठरवावा, कारण गाई-म्हशींना हलवण्यास ट्रॅक्टर-ट्रॉली, चारा आणि जागा, तिन्ही एकदम लागतात. अगदीच वेळ उरला नाही तर दावी सोडून द्यावीत.

कोणत्या संदेशावर विश्वास ठेवावा

केंद्रीय जल आयोगाचे 'फ्लडवॉच इंडिया', हवामान विभागाचे 'मौसम', विजांच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ही ॲप जूनपूर्वीच घेऊन ठेवावीत. जल आयोगाच्या अर्जुनवाड, कुरुंदवाड अशा केंद्रांची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते आणि आयर्विनची स्थानिक मोजपट्टीवर फुटांत. एकाचे रूपांतर करून दुसऱ्याशी तुलना करू नये.

फिरत आलेल्या संदेशात तारीख, वेळ आणि धरणाचे नाव नसेल तर तो पुढे पाठवू नये. दरवाजांचे जुने चित्रण दरवर्षी नव्याने फिरते. 'दरवाजे 10 फुटांनी उचलले' याचा अर्थ नदी 10 फुटांनी वाढणार असा होत नाही. ती केवळ दरवाजाखालची फट आहे, आणि पाणी किती सुटले हे क्युसेकवरूनच कळते. शंका आल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर विचारावे. सुटकेसाठी 112 हा क्रमांक आहे.

मोबाइल बंद पडेल हे गृहीत धरून तयारी

रोहित्रांपर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) पाणी आले की सुरक्षेसाठी वीज तोडली जाते. त्यानंतर मोबाइलचे मनोरे काही तास बॅटरीवर चालतात आणि मग एकेक करून गप्प होतात. म्हणून महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहावेत, बॅटरीवर चालणारा रेडिओ ठेवावा आणि वेगळ्या गावातील एका नातेवाइकाला सर्वांनी आपापली खुशाली कळवायची असे ठरवावे. पाणीपुरवठ्याची जॅकवेल (नदीचे पाणी उपसण्याची विहीर) आणि पंपगृहे नदीकाठी असल्याने भोवती पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडतात. पिण्याचे पाणी इशारा पातळीलाच भरून ठेवावे. निघताना वीजेचे मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. कागदपत्रांची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावीतच, पण मूळ कागद प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बरोबर घ्यावेत.

पाणी उतरल्यावर घाईने आत जाऊ नये. पुरात साप आणि कृष्णेतल्या मगरी आपला नेहमीचा आसरा सोडून उसात, ओढ्यात, पडवीत येऊन थांबतात. त्यांना न डिवचता वन विभागाला कळवावे. वायरिंग सुकून वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नये. गाळ काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, भिंतीवरील पाण्याच्या रेषेची आणि खराब झालेल्या वस्तूंची छायाचित्रे घ्यावीत, तारीख व ठिकाण नोंदवणारी सोय मोबाइलमध्ये चालू ठेवावी आणि पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यांना ती दाखवावीत. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यातील नोंदी पूर्ण वाचाव्यात, काही राहिले असेल तर तेथेच लिहून घ्यावे आणि त्या कागदाचे छायाचित्र आपल्याजवळ ठेवावे.