‘नाही’ कुठे गेलं? मुलांच्या भाषण-नाटकाच्या तयारीत या चुका टाळा

कोथरूडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी बावीस वर्षं शाळकरी मुलांचा भाषणाचा आणि नाटकाचा वर्ग घेते. दर जूनला नवी मुलं येतात आणि चुका मात्र जुन्याच आणतात. त्यातल्या निम्म्या त्यांच्या नसतातच, घरून डब्याबरोबर बांधून दिलेल्या असतात. तेव्हा हे मुलांपेक्षा आईबाबांसाठी आणि शाळेत ‘तुम्हाला आवड आहे ना, मग तुम्हीच बसवा’ असं म्हणून नाटक गळ्यात पडलेल्या बाईंसाठी जास्त आहे.

सगळ्यात आधी ओरडणं. ‘आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे’ असं मोठी माणसं सांगतात आणि मूल बिचारं घसा फाडतं. वाक्य सुरू होतं तोफेसारखं आणि मध्यावर दम संपतो. यात मराठीचा एक खास घोळ आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ बसतं त्याच्याही मागे. वाक्याचा सगळा जीव शेपटीत, आणि मुलाचा श्वास संपतो तोही तिथेच.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत टिळक पुण्यतिथीला परीक्षक म्हणून गेले होते. पाचवीतला एक मुलगा टिळक होऊन आला. डोक्यावर पगडी, ओठावर काजळाच्या मिशा (शाळकरी टिळकांना मिशा कशा, हे विचारायचं नसतं). प्रसंग अर्थातच शेंगांचा. बाईंनी हौसेने खऱ्या शेंगांची टरफलं स्टेजवर पसरली होती. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत!’ हे पोराने इतक्या जोरात म्हटलं की माईकने शिट्टी मारली. मग, ‘मी टरफलं उचलणार…’ आणि संपलं. ‘नाही’ ओठांवर दिसलं, ऐकू आलं नाही. मागून नववीतला कुणी दादा ओरडला, ‘मग उचल की!’ हॉल हसून लोळला. मुलगा गोंधळला, विंगेत बाईंकडे पाहिलं, त्या घाबरून हात हलवत होत्या. त्याचा त्याने काय अर्थ लावला देव जाणे, पण तो खरंच खाली वाकला आणि टरफलं उचलायला लागला. नंतर बाई त्याला म्हणाल्या, ‘अजून जोरात बोलायला हवं होतंस.’ अहो, जोरात बोलला म्हणूनच तर ही पाळी आली!

तेव्हापासून मी वाक्यं मागून बसवते. आधी नुसतं ‘नाही’. मग ‘उचलणार नाही’. मग ‘टरफलं उचलणार नाही’. शेवटी पूर्ण वाक्य. प्रत्येक वेळी नवा श्वास. मूल आपोआप शेवटासाठी हवा राखून ठेवायला शिकतं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभी राहते. शेवटचा शब्द कळला तरच हात वर करते. त्याआधीचे दोन आठवडे मुलं सतरंजीवर उताणी झोपून पोटावर वही ठेवतात आणि श्वासाबरोबर ती वर-खाली होतेय का ते बघतात. पालकांना हे फार खटकतं. ‘ताई, अजून डायलॉग नाही दिलात?’ नाही दिले. वही हलू दे आधी.

सातवी-आठवीतल्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो, म्हणजे स्वरयंत्र वाढत असतं. बोलताना आवाज मध्येच चिरकतो, घसरतो. त्यावर हसू नये, ‘नीट बोल’ म्हणू नये, आणि शिवाजी महाराजांची आरोळी तर त्या वर्षी मुळीच देऊ नये.

दुसरी चूक म्हणजे व्हॉट्सॲपवरचा ऑडिओ. आई भाषण लिहिते (किंवा मोबाइलकडून लिहून घेते, ते लगेच कळतं), स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करते आणि मूल ते ऐकून ऐकून पाठ करतं. वेळ वाचतो म्हणे. माझ्या वर्गातली चौथीतली एक मुलगी सावित्रीबाईंवर बोलायची. सगळं खणखणीत, पण ‘सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात’ असं म्हणून ती थांबायची. चांगली तीन-चार सेकंद. मग मान किंचित वळवून, ‘मुलींची शाळा सुरू केली.’ दर वेळी तिथेच. मला वाटलं, विसरते. म्हणून तेवढाच तुकडा चाळीसदा घोटून घेतला, तरी थांबा तसाच. शेवटी तिच्या आईकडून तो ऑडिओ मागवला. भिडे वाड्यापाशी पोचल्यावर कुकरची शिट्टी होते, आई थांबते, आणि शिट्टी संपल्यावर पुढे बोलते. पोरीने कुकरसुद्धा इमानाने पाठ केला होता.

हसण्यासारखं आहे खरं, पण त्या मुलीला स्वतःचं भाषण बोलायचा अनुभवच मिळाला नव्हता. आईचा श्वास, आईचे हेल, आईचा गॅस. माझ्या वर्गात ऑडिओला बंदी आहे. मूल कागद वाचतं, बंद करतं आणि काय वाचलं ते मला आपल्या शब्दांत सांगतं. चार-पाच वेळा सांगून झालं की शब्द पक्के करायचे. वेळ लागतो, दोन शब्द इकडचे तिकडे होतात. होऊ देत.

हातवारे याच घराण्यातले. ‘सूर्य’ म्हटलं की बोट वर, ‘माझा देश’ म्हटलं की छातीवर हात. वाहतूक पोलीस बरा. मी पहिला महिनाभर हातांत काहीतरी धरायला देते, दप्तर किंवा पाण्याची बाटली.

उच्चारांचं सावकाश बोलायला हवं. मराठीत च, ज, झ ही अक्षरं दोन तऱ्हांनी उच्चारली जातात आणि लिपीत फरक दिसत नाही. ‘चमचा’तला च वेगळा, ‘चिमणी’तला वेगळा. ‘माझा’ म्हणताना झ दाताजवळ, ‘माझी’ म्हणताना टाळूकडे. थोडंसं या अर्थाचं ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचं ‘जरा’ लिहायला सारखे, कानाला वेगळे. मराठी कमी वाचणारी मुलं सगळीकडे एकच उच्चार ठोकून देतात. मी संहितेत दाताजवळच्या अक्षरांखाली पेन्सिलीने टिंब काढायला लावते. पंधरा दिवसांत टिंबांशिवाय जमतं.

पण इथे आमच्या पुण्याची एक खोड आहे. मुळशीकडून किंवा भोरकडून आलेलं मूल ‘पानी’, ‘व्हतं’ म्हणालं की लगेच ‘शुद्ध बोल’. कार्टून बघून हिंदी वळणाने आलेलं ‘पानी’ आणि आजीकडून आलेलं ‘पानी’ यांत फरक आहे. पहिलं मी सुधारते. दुसऱ्याला म्हणते, निवेदनात ‘पाणी’ म्हण, आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत तुझं तेच ठेव, ते बाकीच्यांना मेहनत करूनही येणार नाही. एकदा असा एक मुलगा ‘शुद्ध’ करून करून इतका बुजला की त्याने बोलणंच सोडलं. ती चूक माझी होती, सुरुवातीच्या वर्षांतली.

‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी आज जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ तीन मिनिटांच्या भाषणात इतका वेळ विनंतीवर कशाला घालवायचा? एका वर्षी मी मुलांना सांगितलं, तारखेपासून सुरू करा: १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. छान जमलं. आता दर ऑगस्टला वर्गातली सहा जणं हेच सांगतात, म्हणजे नवा ‘बालमित्रांनो’ मीच तयार करून ठेवला.

नाट्यछटेत मूल चहूकडे बघत बोलतं. या प्रकाराला आकार देणारे दिवाकर पुण्यातलेच शाळामास्तर. त्यात बोलणारा एकटा असला तरी समोर कुणीतरी असतं, त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. ते माणूस बसलंय की उभं, उंच की बुटकं, हे मुलाला ठाऊक हवं. मी खुर्चीवर दप्तर ठेवते आणि सांगते, ही काकू. दोन मिनिटांत काकूंची उंची तीनदा बदलली तर पुन्हा पहिल्यापासून.

बाकीच्या चुका भराभर. नऊवारी पहिल्यांदा प्रयोगाच्या दिवशी नेसवू नका, पोरगी पडते. पंचवीस मुलांना एकेक वाक्य वाटून ‘सगळ्यांना संधी’ दिली असं समजू नका. विंगेतून पुटपुटू नका, मुलाला कळायच्या आधी पहिल्या रांगेला ऐकू जातं. ‘उजेडात उभा राहा’ म्हणजे काय ते मुलाला दाखवा. जुन्या दिव्यांची ऊब गालाला लागायची, एलईडीची फारशी लागत नाही, त्यामुळे आता डोळ्यांवर उजेड येतोय का ते बघायला शिकवावं लागतं. वर्गात बसवलेलं नाटक भरत नाट्य मंदिरासारख्या मोठ्या स्टेजवर तसंच नेऊ नका, मुलं मध्यभागी गठ्ठ्याने उभी राहतात. जमिनीवर खडूने स्टेजचं माप आखून तालीम घ्या.

आणि ते फोन. डिसेंबर लागला की सुरू होतात. ‘ताई, शुक्रवारी गॅदरिंग आहे, दोन सेशनमध्ये स्टेज डेअरिंग येईल का?’ पूर्वी चिडायचे. आता विचारते, घरी आजी आहेत का, कमी ऐकू येतं का त्यांना? असल्या तर स्वयंपाकघरातून दिवाणखान्यातल्या आजींना रोज दोनदा भाषण ऐकवायला सांगा, आणि आजी ‘काय म्हणालास शेवटी?’ म्हणाल्या की ते वाक्य पुन्हा. गेल्या वर्षी एका बाबांनी हे केलं. शनिवारी त्यांचा फोन आला. भाषण बरं झालं, नंबर नाही आला, आणि आजींना मात्र आता सगळं भाषण पाठ आहे.