माळावर शाळा भरवताना: या चुका टाळा

आमच्या ट्रस्टकडे सातपुड्याच्या पायथ्याशी थोडी जमीन आहे. काही विकत घेतलेली, काही एका कुटुंबाने दिलेली. तिथे नांगर घालायचा नाही, बांधकाम करायचं नाही, ती आहे तशी राखायची आणि आसपासच्या गावांतल्या लहानमोठ्यांना घेऊन तिथे फिरायचं, एवढंच आमचं काम. अशी जमीन राखणाऱ्या छोट्या संस्था आता धुळे, जळगाव, नंदुरबारकडे उभ्या राहू लागल्या आहेत आणि त्यांच्याकडून एकच तक्रार ऐकू येते: कार्यक्रम होतो, फोटो निघतात, पुढच्या वेळी गावातलं कोणी येत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

माळ रिकामा आहे असं समजणं

पहिला कार्यक्रम म्हटला की वृक्षारोपण ठरलेलं. आम्हीही तेच केलं. मेअखेरीस खड्डे खणून घेतले, जूनमध्ये शाळेची पोरं आली, पाहुणे आले, गुलमोहर आणि गिरिपुष्पाची रोपं लागली. सगळं आवरत असताना रोज तिथे गुरं आणणारे एक बाबा एका खड्ड्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "तठे टिटवीना अंडा व्हतात, भाऊ." बाकी काही बोलले नाहीत. गुरं घेऊन निघून गेले.

टिटवी घरटं बांधत नाही. मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मध्ये चार अंडी घालते. अंड्यांचा रंग असा की दोन हातांवरून दिसत नाहीत. आपण खड्डे खणतो तो नेमका तिचा काळ. चंडोल, तितर, भटतितर हे सगळे जमिनीवरच अंडी घालणारे. ससा, खोकड, लांडगा यांचं घरही हा उघडा माळच. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं माती धरून ठेवतात आणि पाऊस संपल्यावर गावाची गुरं जगवतात. असं असताना आपण पोरांसमोर म्हणतो, "चला, ही ओसाड जमीन हिरवी करूया." त्या एका वाक्याने पोरगं शिकतं की गवत म्हणजे काहीच नाही. पुढे कोणी त्या माळावर मुरूम काढायला आलं, तर त्याला वाईट वाटायचं कारण उरत नाही.

रोपं लावून झाली असतील तर पोरांनी लावलेलं पोरांसमोर उपटू नका. एक वर्ष जाऊ द्या. मग त्यांनाच घेऊन रोपाखालचं गवत आणि मोकळं गवत यांत काय फरक पडला ते बघा. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ पसरायला लागलं असेल तर गावाला विचारून काढा, चारा म्हणून वापरा. झाड लावायचंच असेल तर त्याची जागा बघून लावा: नाल्याच्या काठाला करंज, जांभूळ, उंबर, दगडी उतारावर अंजन आणि सालई. अंजन हे आपल्या सातपुड्याचं झाड, कोरड्या जमिनीत तग धरतं, पाला गुरं खातात. माळाच्या मध्यावर मात्र काही लावू नका. तिथला कार्यक्रम दिवाळीनंतर, गवताचं बी पिकल्यावर. पोरांना पिशव्या द्या, बी गोळा करू द्या आणि जिथे जमीन उघडी पडली आहे तिथे पावसाच्या तोंडावर टाकू द्या. पाहुणे बोलवण्यासारखं त्यात काही नसतं, पण पोरांच्या कपड्यांना कुसळं चिकटतात आणि ते गवत त्यांच्या कायमचं लक्षात राहतं.

गावाला श्रोता करणं

सगळ्यात मोठी चूक ही. बाकीच्या बऱ्याचशा यातूनच निघतात.

शहरातून जाणकार येतो, गळ्यात दुर्बीण असते, तो बोलतो आणि गाव बसून ऐकतं. समोर बसलेल्या पावरा किंवा भिल्ल घरातल्या पोराला त्यातले निम्मे पक्षी आवाजावरून कळतात, पण त्याच्याकडची नावं वेगळी आहेत. जाणकाराने पुस्तकातलं नाव सांगून "बरोबर?" असं विचारलं की ते पोर गप्प बसतं. त्याला वाटतं, आपल्याला माहीत आहे ते चूक आहे. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे आणि ते पोर नंतर कधी आलं नाही.

क्रम उलटा करा. पक्षी दिसला की आधी विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणतात? अहिराणीत काय, पावरीत काय, आजी काय म्हणते? फळ्यावर ती नावं आधी लिहा, पुस्तकातलं शेवटी. दोन गावांत एकाच पाखराला दोन नावं निघाली तर भांडू द्या. पोरं पाखराकडे निरखून बघायला लागतात ती त्या भांडणातच.

समजुतींचंही तसंच. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर, सखल जागी घातली की कमी, असं आपल्याकडे म्हणतात. कार्यकर्ता हसला, "अंधश्रद्धा" म्हणाला, की संवाद तिथे संपतो. त्याऐवजी वही काढा. या वर्षी अंडी कुठे होती ते लिहा, पाऊस किती झाला ते लिहा. पाच-सात वर्षांनी पोरं स्वतःच सांगतील काय खरं आणि काय नाही. शास्त्र हेच असतं आणि त्यात कोणाच्या आजोबांचा अपमान होत नाही.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा यासाठी बघून यावं. त्या गावाने आधी आपलं जंगल राखलं, मग बाहेरचे लोक शिकायला यायला लागले. गावातल्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथल्या वनभाजी स्पर्धेत बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात आणि भाजी कुठे मिळते, कशी करायची, कशासाठी खायची हे त्याच सांगतात. शिकवणारी बाई गावातली आणि ऐकणारे बाहेरचे. आपल्या कार्यक्रमात हे नातं किती वेळा असतं, हे एकदा मोजून बघा.

(वनभाजीचा कार्यक्रम करणार असाल तर पोरांना रानात तोडून चाखू देऊ नका. शेवळासारखी भाजी नीट शिजली नाही, आंबट घातलं नाही, तर घसा धरते. ओळखून तोडणारी बाई बरोबर असेल तरच तोडायचं, आणि चूल तिच्या हाती.)

आणखी एक गोष्ट, कटू असली तरी सांगतो. ट्रस्टने कुंपण घालून पाणवठ्याची वाट बंद केली असेल, तर कितीही छान निसर्गफेरी काढा, गाव येणार नाही. "पोरं का येत नाहीत" याचं उत्तर कित्येकदा कुंपणात असतं. आधी गुरं चारणाऱ्यांबरोबर बसा. आमच्याकडे असं ठरलं: पाऊस सुरू झाल्यापासून बी गळेपर्यंत चराई नाही, त्यानंतर गवत कापून न्यायचं, आणि पाण्याची वाट बारा महिने खुली. हे ठरल्यावर ते टिटवीवाले बाबा स्वतःहून पोरांबरोबर चालायला लागले. जमीन वनहक्काच्या दाव्यातली किंवा गायरानाला लागून असेल तर ग्रामसभेशी बोलल्याशिवाय एकही फलक लावू नका.

वेळ

रविवारी सकाळी दहाची वेळ आयोजकांच्या सोयीची असते, पाखरांच्या नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मार्चपासून पुढे सगळं साडेसहाला सुरू करून साडेआठला आवरा. कपाशीच्या वेचणीत पोरं शेतात असतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात, बाजाराच्या दिवशी गाव रिकामं असतं. तारीख गावातल्या बायांना विचारून ठरवा. एका फेरीत पंधरा जण पुरेत. साठ पोरांची बस आली तर पोरांना फक्त एकमेकांच्या पाठी दिसतात.

हतनूर धरणावर बदकं बघायला न्यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि काठावरूनच. जवळून दाखवायच्या हौसेने होडी घातली की हजारो मैलांवरून येऊन टेकलेला थवा उडतो, आणि दुसऱ्या गटाला मोकळं पाणी बघावं लागतं. चांगली दुर्बीण एकच असेल तर रांग लावा; पोरं थांबतात.

रानपिंगळ्याचा पत्ता सांगणं

रानपिंगळा हे छोटं घुबड म्हणजे खानदेशाचा मोठा ठेवा. १८७३ साली पक्षीअभ्यासक ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये इथेच, खानदेशात, जेम्स डेव्हिडसनने शेवटचे खात्रीचे नमुने गोळा केले. त्यानंतर तो कोणालाच सापडेना, नामशेष झाला असं धरून चालले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन पक्षीअभ्यासकांना तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ जिवंत दिसला, ११३ वर्षांनी. ही गोष्ट पोरांना जरूर सांगा. आपल्या भागाचं नाव जगभरच्या पक्षीअभ्यासकांना ठाऊक आहे, हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

चूक होते ती त्यानंतर. रानपिंगळा दिवसा वावरतो, उघड्यावर बसतो, म्हणून त्याला शोधणं सोपं. कोणीतरी झाडाचा फोटो काढतं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं, खाली जागा लिहितं. पुढच्या रविवारी चार गाड्या येतात. मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावतात. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो शिकार सोडून, घरटं सोडून आवाजामागे फिरतो. त्यातच घुबडाबद्दलचे गैरसमज आणि जादूटोण्यासाठी होणारी शिकार. जागा कळली की या पाखराचे दिवस भरले.

म्हणून कार्यक्रमात नियम असा ठेवा: आवाज वाजवायचा नाही, ढोली दाखवायची नाही, फोटोतून जागा ओळखू येता कामा नये. रानपिंगळा आणि गावातला साधा पिंगळा यांतला फरक चित्रावरून शिकवा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात, रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ साधी असते, पोट पांढरं. शिकायला साधा पिंगळा पुरेसा आहे, तो देवळाशेजारच्या वडावर बसलेला असतो. फोटो आधीच फिरला असेल तर रागावून संदेश टाकू नका. टाकणाऱ्याला एकट्याला गाठा, काढायला सांगा, आणि पुढच्या वेळी घरट्यांकडे कोणी फिरकू नये हे बघायचं काम त्यालाच द्या. आमचा अनुभव असा की तोच सगळ्यात कडक राखणदार होतो.

सुरक्षेचं "बघू तेव्हा"

निघण्याआधी एक फोन करायचा: जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आज आहे? "असते" हे उत्तर चालत नाही, "आहे" हवं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतलं फुरसं दगडाखाली बसतं, म्हणून दगड उचलून किडे दाखवायची सवय मोडा. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंग हलू द्यायचं नाही, १०८ला फोन करून सरळ दवाखाना. गावात यावर वेगळी मतं असतात. ती फेरीच्या दिवशी नाही, आधीच्या बैठकीत बोलून घ्या.

कड्याखाली किंवा मोठ्या झाडाखाली थांबताना वर बघा. आग्या मोहोळाखाली अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. पाणी माणशी दोन लिटर, साखर-मीठ बरोबर. यावल, अनेर किंवा गौताळा अभयारण्यात जाणार असाल तर वनविभागाची परवानगी हातात घेऊनच निघा.

एकदा येऊन जाणं

वर्षातून एक मोठं शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला एकाच वाटेने तासभर चाला. तीच वाट, तेच अंजनाचं झाड, तोच पळस. पोरांना आपापलं झाड वाटून द्या आणि वहीत चारच गोष्टी लिहायला लावा: तारीख, पानं, फुलं, झाडावर कोण होतं. पहिले तीन महिने पोरं कंटाळतात, हे आधीच सांगून ठेवतो. शिक्षकही विचारतात, "पुन्हा तेच?" पळस फुलायला लागला की हा प्रश्न थांबतो, कारण तोवर कोणाचा पळस आधी फुलतो याची पैज लागलेली असते.

नोंद खरी लिहायला शिकवा. दिसलं नाही तर "दिसलं नाही" असंच लिहायचं. रानपिंगळा इतकी वर्षं सापडला नाही याचं एक कारण खोटी नोंद होतं. मायनर्टझहागेन नावाच्या माणसाने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला नमुना प्रत्यक्षात चोरलेला, माहितीची चिठ्ठी बदललेला निघाला. ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदी वाचल्या, तेव्हा शोध शहाद्याकडे वळला. चौथीतल्या पोराला हे सांगितलं की ते वहीतली तारीख दोनदा तपासतं.

वह्या ट्रस्टच्या कपाटात ठेवू नका. ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही असते, २००२च्या जैवविविधता कायद्याने सांगितलेली. ती बहुतेक ठिकाणी एकदा लिहून मिटलेली आहे. पोरांच्या वर्षभराच्या नोंदी, त्यांच्या बोलीतल्या नावांसकट, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे द्या आणि पोहोच घ्या. नाजूक घरट्यांच्या जागा तेवढ्या वगळा. त्यांची वही वेगळी, आणि ती गावातल्याच एका घरात. आमची त्या टिटवीवाल्या बाबांकडे असते.