तहातली १०,००० टनी क्रूझर कागदावर कशी काढायची

दोन महायुद्धांच्या मधली जहाजं वाचणारी पोरं आपल्या कोल्हापुरात लै आहेत, घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही तरीसुद्धा. पण बहुतेकजण तोफा मोजतात, स्पीड बघतात आणि कुठलं जहाज भारी ते ठरवून मोकळे होतात. अशानं त्या काळातलं जहाज कळत नाही, कारण १९२२ च्या वॉशिंग्टन तहानंतर प्रत्येक देश वजनाच्या मर्यादेत जहाज बसवत होता आणि एका जागी जास्त दिलं की दुसऱ्या जागचं काढावं लागायचं. काय काढलं ते बघितलं की जहाज कळतं. त्यासाठी स्वतः एक क्रूझर (सगळ्यात मोठ्या लढाऊ जहाजांपेक्षा लहान, पण वेगवान लढाऊ जहाज) कागदावर काढून बघा. चौकटीची वही, कॅल्क्युलेटर आणि एक रविवारची दुपार पुरते.

पहिल्यांदा वहीच्या वरच्या कोपऱ्यात नियम लिहा. वॉशिंग्टनचा तह ६ फेब्रुवारी १९२२ ला झाला, अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स, इटली असे पाच देश. (ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं भारतासाठी श्रीनिवास शास्त्रींची सही त्यावर आहे, हे आपल्याकडं फार कुणी सांगत नाही.) मोठ्या लढाऊ जहाजांना ३५,००० टन आणि १६ इंची तोफांची मर्यादा, शिवाय एकूण टनेज वाटून दिलेलं, अमेरिका आणि ब्रिटनला ५,२५,००० टन, जपानला ३,१५,०००, फ्रान्स-इटलीला १,७५,००० प्रत्येकी. क्रूझरला मात्र एका जहाजाचीच मर्यादा, १०,००० टन आणि ८ इंच म्हणजे २०३ मिलीमीटर तोफ, किती क्रूझर बांधायच्या यावर बंधनच नाही. हा आकडा आला कारण ब्रिटनकडं हॉकिन्स क्लासच्या (क्लास म्हणजे एकाच नमुन्यावर बांधलेली जहाजं) जवळपास तेवढ्याच वजनाच्या क्रूझर आधीच होत्या आणि त्या त्यांना मोडायच्या नव्हत्या. मर्यादा लिहिली की सगळे त्याच मर्यादेला जाऊन टेकले, पाची देशांनी १०,००० टनीच क्रूझर बांधायला घेतल्या.

आता हे टन कसले ते नीट समजून घ्या, इथंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. तहातला टन १,०१६ किलोचा, म्हणजे १०,००० टन आपल्या मेट्रिकमध्ये १०,१६० टन. आणि हे वजन म्हणजे स्टँडर्ड डिस्प्लेसमेंट: माणसं, दारूगोळा, अन्न, प्यायचं पाणी, इंजिन सगळं धरायचं पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी धरायचं नाही. पैलवानाला गटात बसवायला उपाशीपोटी काट्यावर उभं करतात तसलाच प्रकार. यामागं कारण होतं, ब्रिटन आणि अमेरिकेला लांबलांबच्या समुद्रात फिरायचं होतं, भूमध्य समुद्रातल्या इटलीला तेवढं तेल लागतच नाही, मग तेल मोजलं असतं तर लांब जाणाऱ्याचं नुकसान झालं असतं. ब्रिटिश काउंटी क्लास क्रूझरमध्ये ३,००० टनांच्या वर तेल मावायचं, आणि ते तहाच्या हिशेबात शून्य.

मग सांगाडा काढा. लांबी १८५ मीटर, रुंदी २० मीटर, पाण्यातली खोली ५.३ मीटर घ्या. तिन्हींचा गुणाकार करा आणि ०.५ नं गुणा, कारण क्रूझर दोन्ही टोकांना निमुळती असते, पेटीचा निम्माच भाग भरते. ९,८०५ घनमीटर येतं, समुद्राच्या पाण्यासाठी १.०२५ नं गुणलं की १०,०५० मेट्रिक टन. मर्यादेच्या आत बसलो, ११० टन हातात.

पुढं वजनाची वाटणी. खाली देतोय ते आकडे कुठल्या एका जहाजाचे नाहीत, हिशेब शिकायला गोल करून घेतलेत. सांगाड्याला ४,८००, इंजिन-बॉयलरला २,१००, तोफा आणि गोळ्याला १,२००, बाकी सामान आणि माणसांना ७००. बेरीज ८,८००. चिलखताला राहिले साधारण १,३०० टन. आता खरी गंमत सुरू होते.

चिलखताचं वजन काढायला उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारायची गरज नाही, १ मिलीमीटर जाडीची १ चौरस मीटर प्लेट ७.८५ किलो. दोन्ही बाजूंना १०० मीटर लांब, ३.५ मीटर उंच, १०० मिलीमीटर जाड पट्टा लावा. ५५० टन. बरं वाटतं ना, अजून ७५० टन शिल्लक. आता वरून पडणाऱ्या गोळ्यांसाठी डेक करा, १०० मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि जाडी फक्त ५० मिलीमीटर. ७०६ टन! निम्मी जाडी आणि वजन पट्ट्यापेक्षा जास्त, कारण क्षेत्रफळ लै मोठं आहे. हा हिशेब एकदा हातानं केला की मग कुठल्याही क्रूझरचा डेक पातळ का असतो हे परत विचारावं लागत नाही. शिल्लक राहिले ४४-४५ टन आणि अजून टरेटला (तोफा बसवलेला फिरता बुरूज) चिलखत नाही, दारूगोळ्याच्या कोठाराला नाही, आडव्या भिंतींना नाही. परत मागं जा आणि कुठूनतरी कापा.

कापायला सगळ्यात पहिली नजर जाते स्पीडवर, आणि ते बरोबरच आहे. ढोबळ नियम असा की ताकद स्पीडच्या घनात वाढते, म्हणजे ३२ नॉटवरून (१ नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किलोमीटर) ३५ ला जायचं तर निदान ३० टक्के जास्त ताकद. खऱ्या जहाजात त्याहून वाईट होतं. इटलीच्याच दोन बघा: ट्रेंटो ३५ नॉटसाठी १,५०,००० हॉर्सपॉवरची आणि तिचा पट्टा ७० मिलीमीटर. नंतरची झारा ३२ नॉट, ९५,००० हॉर्सपॉवर, पट्टा १५० मिलीमीटर. तीन नॉट सोडले आणि पट्टा दुपटीपेक्षा जाड झाला, तरी पण झारा तहात बसली नाही, ११,००० टनांच्या बरीच वर गेली आणि इटलीनं कागदावर १०,००० च ठेवले. फ्रान्सनं पण आधी ड्युकेन काढली, जवळपास ३४ नॉट आणि चिलखत नावालाच, मग काही वर्षांनी अल्जेरी, ११० मिलीमीटर पट्ट्याची. माझ्या मते त्या सगळ्या काळातली सगळ्यात समतोल क्रूझर अल्जेरीच. तुमचं मत वेगळं असेल तर असू दे, पण वजनाचा तक्ता समोर ठेवून सांगा.

उलट चूक अमेरिकेची. मर्यादा ओलांडू नये म्हणून पेन्साकोलावर इतकं वजन वाचवलं की जहाज ९,१०० टनांच्या आसपासच भरलं, म्हणजे तहानं दिलेले ९०० टन वाया. तुमच्या वहीत पण शेवटी १०० टनांच्या वर शिल्लक राहिलं तर ते तसंच सोडू नका, चिलखतात घाला.

आता तेल भरा. २,००० टन घ्या. या आकाराचं जहाज साधारण २६ टनाला १ सेंटीमीटर खाली बसतं, म्हणजे ७७ सेंटीमीटर खाली. पट्टा पाण्याच्या वर २ मीटर ठेवला असेल तर भरल्या पोटी सव्वा मीटरच राहिला. म्हणून पट्टा कुठं लावायचा हे स्टँडर्ड वजनावर ठरवू नका, निम्मं तेल धरून ठरवा, लढाई बंदराच्या तोंडाशी होत नाही.

आणि वजन किती उंचावर आहे ते बघायला अजिबात विसरू नका, वजन बसलं म्हणजे जहाज बसलं असं नाही, वर जास्त वजन झालं की जहाज उलटतं. जपानचं उदाहरण मनाला लागतं. १९३० च्या लंडन तहात ६०० टनांखालच्या जहाजांना मोकळीक होती, म्हणून त्यांनी तेवढ्याशा टॉर्पेडो बोटीवर १२७ मिलीमीटरच्या तीन तोफा आणि चार टॉर्पेडो नळ्या चढवल्या. मार्च १९३४ मध्ये सासेबोजवळ वादळात तोमोझुरू उलटली आणि तिच्यातली बहुतेक माणसं गेली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या चौथ्या फ्लीटला वादळ लागलं, तेव्हा मोठ्या जहाजांचे पण सांगाडे निखळले, वजन वाचवायला केलेलं वेल्डिंग तिथं टिकलं नाही. वेल्डिंग करणाऱ्या मित्रांनी हा भाग नक्की वाचावा. वहीत प्रत्येक वजनापुढं ते किलपासून (जहाजाच्या तळाचा कणा) किती मीटर उंच आहे तेही लिहा, गुणाकार करून बेरीज करा आणि एकूण वजनानं भागा, म्हणजे जहाजाच्या गुरुत्वमध्याची उंची मिळते. वरचं एक टरेट काढलं की हा आकडा किती उतरतो ते बघा.

एवढं झालं की तीच क्रूझर लंडन तहात बसवा. तिथं क्रूझरचे दोन गट झाले, ६.१ इंच म्हणजे १५५ मिलीमीटरच्या वरच्या तोफांची आणि खालची, आणि ८ इंची क्रूझरची संख्या पण बांधली, अमेरिका १८, ब्रिटन १५, जपान १२. जपाननं मग मोगामी काढली, १५५ च्या पंधरा तोफा, जाहीर वजन ८,५०० टन आणि खरं त्याहून बरंच जास्त. तिला उत्तर म्हणून अमेरिकेनं ब्रुकलिनवर ६ इंची पंधरा बसवल्या, ब्रिटननं टाउन क्लासवर बारा. हा भाग एकट्यानं करू नका, मित्राला दुसरा देश द्या, त्याची वही तुम्हाला न दाखवता फक्त जाहीर वजन आणि तोफा सांगायला लावा आणि त्यावरून त्याच्या जहाजाचा पट्टा किती जाड असेल ते काढा. खोटं वजन सांगितलं असेल तर स्पीड आणि चिलखताच्या बेरजेत ते पकडता येतं.

शेवटी तह संपवा. जपान १९३६ अखेर मोकळा झाला आणि युद्धाआधी मोगामीची तिहेरी १५५ टरेट काढून २०३ ची दुहेरी बसवली, पाच टरेटमध्ये दहा तोफा. काढलेली टरेट पुढं यामातो या जपानच्या प्रचंड बॅटलशिपवर दुय्यम तोफखाना म्हणून गेली. तुमच्या वहीत पण टरेट बदला, नवीन वजन मांडा, २६ नं भागा आणि पट्टा अजून किती सेंटीमीटर पाण्यात गेला ते लिहा.