गावात मोतीबिंदू शिबिर घ्यायचं तर

१९२५ साली अंध-बधिर अमेरिकी लेखिका हेलन केलर यांनी लायन्स क्लब या समाजसेवी संस्थांना अंधत्वाविरुद्ध लढायची हाक दिली. तेव्हापासून नेत्रसेवा हे या क्लबांचं जिव्हाळ्याचं काम. विदर्भातल्या खेड्यात तारीख कापूसवेचणी आणि तुरीची सोंगणी उरकल्यावरची धरा, नाहीतर म्हातारी माणसं घर राखत बसतात. दवंडी आठवडी बाजाराच्या दिवशी द्या.

शाळेच्या व्हरांड्यात नजर तपासायच्या तक्त्यापासून ६ मीटरवर चुन्याची रेघ मारा. अक्षरओळख नसलेल्यांना चारी दिशांना वळलेल्या ‘ई’चा तक्ता लावा, तोंड कुठं, ते हातानं दाखवायला सांगा. एकेक डोळा तळहातानं हलकेच झाका. बोटांनी दाबला तर तो नंतर थोडा वेळ धूसर पाहतो आणि नोंद चुकते.

रक्तदाब आणि साखर तिथंच मोजा. हे राहिलं आणि रुग्णालयात ते वाढलेलं निघालं, की शस्त्रक्रिया पुढं ढकलतात, माणूस शहरापर्यंत जाऊन तसाच परत येतो आणि पुन्हा गाडीत बसत नाही. शस्त्रक्रिया रुग्णालयातच, शाळेत कधीच नाही. जंतुसंसर्गानं डोळा जातो.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात थेंब डॉक्टर सांगतील तितके आठवडे. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. चूल फुंकणं, कडबा झटकणं बंद. फेरतपासणीची गाडी आधीच ठरवा, खर्च मांडताना नेमकी तीच विसरते.