लक्झेंबर्गला जाताय? या चुका टाळा

पॅरिस आणि ब्रसेल्सच्या मध्ये ‘जाता जाता’ लक्झेंबर्ग उरकणं, ही सगळ्यात मोठी चूक. देश २,५८६ चौरस किलोमीटरचा, आपल्या ठाणे जिल्ह्याहूनही लहान, म्हणून अर्धा दिवस पुरेल असं वाटतं. राजधानीचा जुना किल्ला आणि बॉकची भुयारं यांतच तो संपतो. व्हियांडनचा गढीवजा किल्ला, मुलरथालच्या वालुकाश्माच्या घळी हे सगळं मग राहूनच जातं. तीन रात्री तरी ठेवा. आणि व्हियांडनला, मुलरथालजवळच्या एश्टरनाख गावाला रेल्वे जात नाही. व्हियांडनसाठी एटेलब्रुकपर्यंत ट्रेन, पुढे बस.

प्रवासाचे पास आधीच घेऊन ठेवू नका. १ मार्च २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि ट्रेनचा दुसरा वर्ग फुकट आहे, पर्यटकांनाही. तिकीट काढायचंच नाही! लक्झेंबर्ग कार्ड (पर्यटकांसाठीचा प्रवेश-पास) घ्यायचं तर फक्त संग्रहालयांच्या प्रवेशशुल्काचा हिशोब करा. फुकटपणा मात्र सीमेवर संपतो. जर्मनीतल्या ट्रियरला जायचं तर पलीकडच्या टप्प्याचं तिकीट लागतं. आणि देशातही पहिल्या वर्गात बसलात तर पैसे मोजावेच लागतात.

हॉटेल स्वस्त पडतं म्हणून काहीजण ट्रियरलाच मुक्काम करतात. कल्पना वाईट नाही, पण व्हिसा अडतो तो इथे. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहसा ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. फिरणं लक्झेंबर्गमध्ये आणि बहुतेक रात्री जर्मनीत असतील, तर अर्ज कुणाकडे हे बुकिंगआधीच ठरवा. नंतर हॉटेल बदललंत तर हा हिशोबही बदलतो. ज्या गावाच्या नावाने हा व्हिसा ओळखला जातो ते शेंगेन याच देशात, मोझेल नदीकाठी आहे. आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार तिथे झाला १९८५ मध्ये.

भाषेचं फार टेन्शन नको. लक्झेंबर्गिश, फ्रेंच, जर्मन तिन्ही चालतात. राजधानीत दुकानदार बहुधा फ्रेंच बोलतो, इंग्रजीही निभते. घोळ होतो तो गावांच्या नावांत. क्लेर्व्हो, क्लेर्फ, क्लिएर्फ हे एकच गाव, त्यामुळे तिन्ही नावं लिहून ठेवा.

शाकाहारींसाठी एक सूचना: जत्रेत मिळणाऱ्या बटाट्याच्या कुरकुरीत वड्यांत अंडं असतं. आधी विचारा.