गालावरची लाली म्हणजे रंगाची अ‍ॅलर्जीच? ल्यूपसमधल्या या चुका टाळा

मागच्या रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघून आलो आणि दुसऱ्या दिवशी वहिनीचे दोन्ही गाल आणि नाकाचा वरचा भाग लालबुंद. घरात सगळ्यांचं एकमत, केमिकलवाला रंग लागला. मेडिकलवरून ट्यूब आणली, लाली उतरली, विषय संपला असं वाटलं. पुढे निघाला ल्यूपस.

पण त्याआधी तीन-चार महिने तिची बोटं सकाळी तास तासभर आखडायची, पोहे परतायला झारा धरवत नव्हता, केस गळत होते, तोंडात टाळूला छाले यायचे आणि गंमत म्हणजे ते दुखायचेच नाहीत. आम्ही काय केलं, तर सांधे हाडांच्या डॉक्टरला दाखवले, केसांचं पार्लरवालीला विचारलं, छाल्यांवर बी-कॉम्प्लेक्स. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, कारण ल्यूपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते, त्यामुळे तक्रारी दहा ठिकाणी दिसतात आणि एकेक सुटी बघितली तर प्रत्येक किरकोळच वाटते. सगळं एका कागदावर तारखेसकट लिहा आणि तो कागद फॅमिली डॉक्टरपुढे ठेवा, खासकरून १५ ते ४५ वयाच्या बाईचं असेल तर, कारण १० पेशंटमध्ये साधारण ९ बायकाच असतात.

दुसरं, ती ट्यूब. बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, लाली दबते मग डॉक्टरला दिसणार काय? लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. नाकापासून ओठाकडे उतरणाऱ्या घडीत लाली नसेल आणि उन्हात गेल्यावर वाढत असेल, तर ते आवर्जून सांगा. (आमच्याकडे त्या दिवशी रंगापेक्षा चार तासांचं ऊन नडलं होतं, हे नंतर कळलं.)

एएनए (ल्यूपसची शंका आली की करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली की रात्रभर गुगल करत रडू नका, धडधाकट माणसातही ती पॉझिटिव्ह येते. उलट लघवीची साधी तपासणी लोक टाळतात, आणि किडनीला सूज आली तरी दुखत नाही, फक्त लघवीला फेस येतो, पाय सुजतात, बीपी वाढतं. ती तपासणी स्वस्तात होते, टाळू नका. आणि हो, हा आजार लागट नाही, ताट-वाटी वेगळी काढायची काही गरज नाही.

औषधाची चूक तर आमच्याच घरात झाली. ल्यूपससाठी वहिनीला दिलेली हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मूळची मलेरियाची गोळी, आईने कुठेतरी वाचलं आणि म्हणाली, अगं तुला मलेरिया कुठे झालाय, बंद कर! वहिनीने केली, महिन्या-दीड महिन्यात बोटं परत आखडली. ही गोळी बरं वाटलं तरी चालू ठेवायची असते, अधूनमधून डोळे तपासून. स्टेरॉइड तर एकदम बंद करूच नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

आता पापड वाळत घालायला आई स्वतः गच्चीवर जाते, वहिनीला दुपारी वर येऊ देत नाही.